ग्रूक: चार ओळींचा नेमका विचार मराठीत कसा बसवायचा?

गोदाकाठी (२ फेब्रुवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन. लगेच दुसऱ्या दिवशी, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. हे दोन दिवस असे शेजारी येतात, पण नाशकात भाषेचे कार्यक्रम एकीकडे आणि विज्ञानाचे दुसरीकडे होतात. यंदा एका वाचनालयाच्या भिंतीवर दोन्ही दिवस मिळून एकच मांडणी करायची ठरते आहे. १२ फलक, प्रत्येकावर चार ओळींची एक कविता आणि तिच्याशेजारी एक रेघांचं चित्र.

नमुना म्हणून डोळ्यांसमोर आहे पीट हाइन. डॅनिश माणूस, १९०५ ते १९९६. कोपनहेगनला सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकला, चित्रकला शिकला, गणिती खेळ शोधले आणि ‘ग्रूक’ नावाच्या हजारो छोट्या कविता लिहिल्या. एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, आणि त्याच महिन्यात ‘पोलिटिकन’ या दैनिकात ग्रूक यायला लागले. खाली सही असायची ‘कुम्बेल’. कुम्बेल म्हणजे थडग्यावरचा दगड. पीट हे पीटरचं रूप, त्याचाही अर्थ दगड, आणि हाइन म्हणजे धार लावायचा दगड. म्हणजे टोपणनाव हे त्याच्याच नावाचं भाषांतर होतं.

वृत्त कोणतं घ्यावं, भाषांतर करावं की नवं लिहावं, आणि अशी कविता कुठे फसते, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

लघुगुरू (२ फेब्रुवारी, रात्री १०.२५)

आधी भाषांतराचा प्रश्न निकालात काढू. हाइनचं निधन १९९६चं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५६ संपेपर्यंत. त्याचे ग्रूक पूर्ण भाषांतरित करून भिंतीवर लावायचे तर परवानगी हवी, आणि २५ दिवसांत ती मिळेल असं धरून चालू नये. रचना त्याच्याकडून शिका, कविता नवी लिहा.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. त्याचा सुरुवातीचा एक गाजलेला ग्रूक हातमोज्यावर आहे. आशय असा: एक हातमोजा हरवला तर दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख म्हणजे तो हरवला म्हणून दुसरा फेकून द्यावा आणि मग पहिला सापडावा. वरवर पाहिलं तर घरगुती गंमत. डॅनिश वाचकाला मात्र कळलं की स्वातंत्र्य गेलं आहे, आता स्वाभिमानही फेकून देऊ नका. जर्मन सेन्सॉरला त्यात मोज्यापलीकडे काही दिसलं नाही.

आता हे मराठीत आणून पाहा. हातमोजा आपल्या अंगवळणी नाही. पायमोजा म्हणाल, तर वेगवेगळ्या रंगांचे दोन पायमोजे बुटात खपून जातात, जोडी मोडल्याची हानी होत नाही. कानातली कुडी घ्याल तर ती सोन्याची, उरलेली कुणी फेकणार नाही. राहिली चप्पल. देवळाबाहेर एक हरवली की दुसरी खरंच निरुपयोगी, आणि माणूस ती सोडूनही येतो. तर्क जुळला. पण मराठीत चप्पल म्हटलं की अपमानाची छटा येते आणि स्वाभिमानाचा गर्भित अर्थ नेमका उलटा वाजतो. वस्तूचे तीन गुण एकदम जुळावे लागतात: जोडीची हवी, एकटी निरुपयोगी हवी आणि भावनेने कोरी हवी. तिसरा गुण जुळत नाही म्हणून हा ग्रूक मराठीत उभा राहत नाही.

मेनरोड (२ फेब्रुवारी, रात्री ११.०५)

एक भर घालतो. ‘गोष्टींना वेळ लागतो’ या अर्थाचा त्याचा ग्रूक तीन आद्याक्षरांवर उभा आहे. डॅनिशमध्ये तिन्ही शब्द T या अक्षराने सुरू होतात आणि योगायोगाने इंग्रजीतही. मराठीत आद्याक्षरं घेतली की ती अक्षरं न राहता शब्दासारखी वाचली जातात, त्यामुळे युक्तीच मरते. असे अक्षरांवर बेतलेले ग्रूक आधीच बाजूला ठेवावेत.

तिसरी ओळ (३ फेब्रुवारी, सकाळी ७.५०)

ग्रूक म्हणजे नेमकं काय नाही, ते आधी ठरवा. नाहीतर १२पैकी ९ फलक चारोळ्यांचे होतील.

चंद्रशेखर गोखल्यांनी लोकप्रिय केलेली चारोळी भावनेची असते. तिच्यात ‘मी’ आणि ‘तू’ असतात, आणि शेवटची ओळ हुरहुर लावते. रामदास फुटाण्यांची वात्रटिका त्या दिवसाच्या राजकारणावर असते, तिला बातमी माहीत असलेला श्रोता लागतो. ग्रूकला यातलं काहीच लागत नाही. त्यात एक साधी वस्तू असते, त्या वस्तूचा एक गुणधर्म असतो आणि तो गुणधर्म माणसालाही लागू पडतो हे शेवटच्या ओळीत उघड होतं. ती ओळ वाचून माणसाने मान डोलवावी आणि वस्तू पुन्हा वेगळ्या नजरेने पाहावी.

आपल्याकडे याचे सख्खे नातलग आहेत. समर्थांनी आपल्या इथे टाकळीला १२ वर्षं तप केलं. त्यांचे मनाचे श्लोक म्हणजे चार ओळींत पुरा विचार. फरक एवढाच की श्लोक मनाला थेट सांगतो, आणि ग्रूक वस्तूला बोलायला लावतो.

म्हणून लिहिताना सुरुवात वस्तूपासून करा. विचार आधी आणि वस्तू नंतर चिकटवली की ओळखू येतं. उदाहरण देते. विचार आहे ‘निरीक्षकाने ढळू नये’. यावर थेट चार ओळी लिहिल्या तर सुविचाराची पाटी होते. पण आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीचा पूर किती, हे नाशिककर त्याच्याकडे बघून सांगतो: पायाशी आलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत चढलं. तो पुरात उभा असलेला मापदंडच आहे. त्यावर हा कच्चा मसुदा:

पाणी किती चढले ते
मारुतीला विचारावे;
मोजायचे ज्याला, त्याने
जागेवर उभे राहावे.

लघुगुरू (३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०)

ताई, कल्पना फार मोलाची आहे. शेवटची ओळ मात्र मोडली आहे. अष्टाक्षरी आहे ना? पहिल्या तिन्ही ओळी मोजा: पा-णी-कि-ती-च-ढ-ले-ते, आठ. मा-रु-ती-ला-वि-चा-रा-वे, आठ. मो-जा-य-चे-ज्या-ला-त्या-ने, आठ. चौथी: जा-गे-व-र-उ-भे-रा-हा-वे, नऊ.

मेनरोड (३ फेब्रुवारी, सकाळी ८.४५)

पण बोलताना ‘जागेवर’चा ‘र’ अर्धाच उच्चारतो. कानाला आठच वाटतात.

लघुगुरू (३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०)

कानाला वाटतात, कबूल. पण मग ‘चढले’मधला ‘ढ’ही गिळला जातो, तिथे सात वाटायला हवेत. अक्षरछंदात लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजायचं, मधलं अर्धं उच्चारलं तरी. ओवीच्या चालीवर म्हणून पाहा, नववं अक्षर लगेच बाहेर सांडतं.

यातून एक उपयोगी नियम मिळतो. एका ओळीत गिळली जाणारी अक्षरं एकाहून जास्त ठेवू नयेत. ‘बसलेला फसलेला’ अशी ओळ कागदावर आठ भरते, पण तोंडात तिचे दोन दात पडलेले असतात.

आता अर्थाकडे या. ‘उभे राहावे’ने नवीन काय सांगितलं? मारुती उभा आहे, हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. शेवटच्या ओळीने काहीतरी किंमत मागायला हवी. पुरात उभं राहायची किंमत काय? भिजणं.

पाणी किती चढले ते
मारुतीला विचारावे;
मोजायचे ज्याला, त्याने
जागच्या जागी भिजावे.

जा-ग-च्या-जा-गी-भि-जा-वे, आठ.

तिसरी ओळ (३ फेब्रुवारी, सकाळी ९.२०)

झालं! ‘भिजावे’ हाच शब्द हवा होता. हाच फलक पहिला लावावा असं मला मनापासून वाटतं.

उपेंद्रवज्रा (३ फेब्रुवारी, दुपारी १.१५)

कविता चांगली, पण यमकाबद्दल बोलायला हवं. विचारावे आणि भिजावे हे प्रत्ययाचं यमक आहे. ‘-ावे’ कुठल्याही क्रियापदाला लागतो, त्यामुळे वाचकाला ते फुकट मिळाल्यासारखं वाटतं. मराठीत हा मोह फार मोठा, कारण आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात: गेला-आला, करतो-मरतो, पाहिले-राहिले. इथे चालून गेलं कारण शेवटच्या शब्दात अर्थाची कलाटणी आहे. १२ फलकांत असं यमक दोनदाच चालवून घ्यावं. बाकी ठिकाणी एक तरी यमकशब्द नाम असू द्या, किंवा प्रत्ययाच्या आधीचं व्यंजनही जुळवा.

आता वृत्तांबद्दल. भुजंगप्रयात टाळा. मनाच्या श्लोकांचंच वृत्त आहे ते, ओळीत १२ अक्षरं, चार ‘य’गण (लघू-गुरू-गुरू, म्हणजे आखूड-लांब-लांब), चार ओळींची ४८ अक्षरं. चाल इतकी पक्की बसलेली आहे की नवीन काहीही लिहिलं तरी कानात ‘मना सज्जना’ सुरू होतं. अनुष्टुभ लांबीला बरोबर, ८ अक्षरांचे चार चरण, पण पाचवं लघू, सहावं गुरू, सातवं विषम चरणात गुरू आणि सम चरणात लघू, हे मराठी शब्दांना जाचतं. मग ‘असे हे’, ‘तदा ते’ अशी भरती होते. चार ओळींत एकही भरतीचा शब्द परवडत नाही.

माझी शिफारस दोन छंदांची: वर वापरलेली अष्टाक्षरी, आणि १६ मात्रांचं पादाकुलक, ८ अधिक ८.

सातपूर रंधा (३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०)

पादाकुलकात एक करून पाहिलं आहे. मोजणी तपासून द्या.

फळी वाकडी म्हणुन तासली,
पुन्हा तासली, पुन्हा तासली;
भुसा राहिला हाती जेव्हा
पट्टीची मग खोड गवसली.

उपेंद्रवज्रा (३ फेब्रुवारी, रात्री ८.०५)

दादा, उत्तम! मोजून दाखवतो, म्हणजे इतरांनाही पद्धत कळेल. लघू १, गुरू २.

फ१ ळी२ वा२ क१ डी२ = ८. म्ह१ णु१ न१ ता२ स१ ली२ = ८. इथे ‘म्हणून’चा ‘णू’ ऱ्हस्व केला आहे. तेवढी मोकळीक कवितेत चालते, पण फलक लिहिणारा तो ‘सुधारून’ दीर्घ करेल आणि ओळ १७ मात्रांची होईल. मसुद्यावर खूण करून ठेवा.

पु१ न्हा२ ता२ स१ ली२ = ८. इथे बरेच जण चुकतात. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा नियम पाठ असतो म्हणून ‘पु’ला २ देतात. नियम आघाताचा आहे. ‘पट्टी’त ‘ट्टी’चा आघात ‘प’वर येतो म्हणून ‘प’ गुरू. ‘पुन्हा’त ‘न्हा’चा आघात मागे येत नाही, म्हणून ‘पु’ लघूच. ‘तुम्ही’, ‘पुऱ्या’ यांचंही तसंच.

भु१ सा२ रा२ हि१ ला२ = ८, हा२ ती२ जे२ व्हा२ = ८. प२ ट्टी२ ची२ म१ ग१ = ८, खो२ ड१ ग१ व१ स१ ली२ = ८. चारही ओळी बरोबर. यमकही भक्कम: तासली-गवसली, ‘स’सकट जुळतं.

आणि आशय नेमका प्रयोगशाळेतला आहे. उपकरणातच दोष असेल तर तेच मोजमाप शंभरदा घेऊनही चूक कमी होत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला पडते. वेगळ्या पट्टीने एकदा मोजलं असतं तर फळी वाचली असती. २८ तारखेसाठी हाच फलक.

गोदाकाठी (३ फेब्रुवारी, रात्री ९.५०)

दोन फलक झाले! एक विचारते: अभंगाचा छंद चालेल का?

तिसरी ओळ (३ फेब्रुवारी, रात्री १०.२०)

मोठा अभंग तर ग्रूकसाठीच घडवल्यासारखा आहे. ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तीन चरण सारख्या चालीने येतात आणि चौथा अचानक आखूड पडतो. त्या चार अक्षरांवर सगळं वजन येतं. तुकोबांचा कितीतरी वेळा शेवटचा चरण म्हणूनच मनात रुतून बसतो. धोका एकच: चौथ्या चरणात ‘तुका म्हणे’च्या जातीचं काही घालून जागा वाया घालवू नका.

विषय म्हणून हाइनचाच शोध घेतला, सुपरएलिप्स, म्हणजे लंबगोल आणि आयत यांच्या मधला आकार:

चौकोन अडतो,
वर्तुळ घसरे;
मधले ते खरे,
मोजून घे.

सातपूर रंधा (४ फेब्रुवारी, सकाळी ६.४५)

‘मोजून घे’ वाचून राहवलं नाही. या कवितेचा फलकच त्या आकारात कापू या.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५९मध्ये स्टॉकहोमच्या सर्गेल्स टॉर्ग या चौकात प्रश्न असा आला की आयताकृती मोकळ्या जागेत वाहतुकीसाठी लंबगोल बसवायचा. साधा लंबगोल टोकांना निमुळता होतो, तिथे गाड्यांना वळण घट्ट पडतं आणि कोपऱ्यांतली जागा वाया जाते. आठ वर्तुळखंड जोडून पाहिले तर सांधे डोळ्यांना खुपायला लागले, कारण प्रत्येक सांध्यावर वळणाची वक्रता एकदम बदलते. हाइनने लंबगोलाच्या समीकरणातला २ हा घातांक बदलून २.५ केला. २ ठेवला तर लंबगोल, खूप वाढवला तर आयत. अशा वक्रांचा अभ्यास फ्रेंच गणिती लामे यांनी एकोणिसाव्या शतकातच केला होता. हाइनने त्यातला नेमका आकडा निवडला, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण ६:५ घेतलं.

आपल्या फलकासाठी ३० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद. ६ मिमी प्लाय पुरे. कागदावर आधी एकच पाव भाग काढा. मध्यबिंदूपासून आडवं अंतर आणि त्या ठिकाणची उंची, दोन्ही सेंमीत: ० ला १२.५, ३ ला १२.४, ६ ला १२.०, ९ ला ११.०, १२ ला ८.९, १३.५ ला ७.०.

इथून पुढे आडव्यावरून उंची काढू नका. टोकाजवळ वक्र जवळपास सरळ खाली येतो, आडव्यात एक मिमीची चूक झाली तर उंचीत सेंमीची होते. तिथे उलटं करा: उंची ५ ला आडवं १४.४, उंची २.५ ला १४.९, उंची ० ला १५.

बिंदू लवचिक पट्टीने जोडा, फ्रेंच कर्व्हने नको, पुन्हा सांधे येतील. पाव साचा पुठ्ठ्यावर कापून चारदा उलटसुलट फिरवा. चारही भाग वेगवेगळे काढले तर कधीच सारखे येत नाहीत. जिग-सॉने रेघेच्या बाहेर १ मिमी सोडून कापा आणि उरलेलं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लांब हात फिरवून आणा. एका जागी घासत बसलात तर तिथे सपाटी येते, आणि या आकारात सपाटी लगेच दिसते.

तुलना म्हणून, १२ सेंमीवर साध्या लंबगोलाची उंची ७.५ असते, आपली ८.९. एवढ्या फरकात सगळं आहे.

मेनरोड (४ फेब्रुवारी, सकाळी ९.००)

दादा, सोमा ठोकळेही मांडायचे का? भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गचं व्याख्यान ऐकताना हाइनला सुचलेला खेळ आहे, मुलं रमतील.

सातपूर रंधा (४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०)

जरूर. सात तुकडे: एक तीन घनांचा, सहा चार घनांचे, एकूण २७, त्यातून ३×३×३चा मोठा घन. फिरवलेल्या आणि आरशातल्या जुळण्या वगळून २४० रीतींनी होतो. घन २.५ सेंमीचे घ्या. पण चिकटवण्याआधी प्रत्येक घन तिन्ही बाजूंनी कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिमीचा फरक तीन घनांत दीड मिमी होतो आणि शेवटचा तुकडा आत जात नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन पिळाचे तुकडे एकमेकांची आरशातली प्रतिमा असायला हवेत, घाईत दोन्ही एकाच हाताचे चिकटतात. आधी सुटे घन मांडून समोर आरसा धरा, मग गोंद लावा.

लघुगुरू (४ फेब्रुवारी, दुपारी १२.१०)

फलकांच्या अक्षरांबद्दल. ए-३ कागद आडवा, वाचणारा साधारण दोन मीटरवर. अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली निदान १० मिमी हवी. दोन ओळींतलं अंतर इंग्रजी मजकुराला पुरतं तेवढं ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतील. अक्षराच्या उंचीच्या दुपटीहून थोडं जास्त अंतर ठेवा. ओळ मोडता कामा नये. ‘जागच्या जागी’ एका ओळीत आणि ‘भिजावे’ खाली एकटं असं छापलं गेलं तर कलाटणी डोळ्यांना आधीच दिसते. कागद आडवा ठेवायचा तो यासाठीच.

तिसरी ओळ (४ फेब्रुवारी, दुपारी ३.३०)

आणि चित्रं. हाइन स्वतः चित्रं काढायचा, थोडक्या रेघांची, आणि ती कवितेचा शेवट फोडत नसत. मारुतीच्या फलकावर भिजलेला मारुती काढू नका. फक्त तीन आडव्या रेघा काढा: पाय, कंबर, गळा. वाचक मूर्ती स्वतः उभी करतो. फळीच्या फलकावर भुशाचा ढीग नको, एक पट्टी काढा आणि ती अगदी किंचित वाकडी. २० सेंमीत २ मिमी. त्याहून जास्त वाकवली तर कविता वाचायच्या आधीच कळेल.

गोदाकाठी (४ फेब्रुवारी, रात्री ९.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन झाले, नऊ राहिले. वस्तू सुचवते, ज्यांना जमेल त्यांनी उचला: द्राक्षबागेतली तार, पाणचक्कीचा पंखा, पितळी भांड्याला केलेली कल्हई, एसटीचं तिकीट, होकायंत्र, वजनकाट्याचा काटा, कुंभमेळ्यातला दोर, भिंगाचा चष्मा, शाळेची घंटा. अष्टाक्षरी, पादाकुलक किंवा मोठा अभंग, तिन्हींपैकी काहीही. मसुदा टाकताना खाली मोजणीही लिहा.

उपेंद्रवज्रा (४ फेब्रुवारी, रात्री ९.४०)

कल्हई माझ्याकडे. आणि ‘म्हणुन’चा ‘णु’ ऱ्हस्वच राहील असं छापणाऱ्याला आजच कळवा.